बाई म्हणेल तिकडे

हल्ली कुणाला कुठे जायचं असलं की फोन काढतात, पत्ता टाकतात आणि फोनमधली बाई सांगेल तसे वळत जातात. माझ्या ऑफिसातल्या मुलींना वाटतं, ही बाई फोनबरोबरच जन्माला आली. मी त्यांना सांगत बसत नाही, पण माझी नि तिची ओळख फार जुनी आहे. फोनमध्ये शिरण्याआधी ती एका पीडीएमध्ये राहायची, आणि सुरतेतल्या एका उन्हाळ्यात आमच्या जुन्या स्कूल व्हॅनच्या डॅशबोर्डवर बसून माझ्या वडिलांना हुकूम सोडायची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं एवढं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

पीडीए म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक. त्याला बटणं मोजकीच, बाकी सगळं काचेवर काडीनं टोचून करायचं. आपण कुठे उभे आहोत हे त्याला स्वतःला कळत नसे. ते सांगायला वेगळी डबी होती, काडेपेटीहून थोडी मोठी, काळी, निळा दिवा लुकलुकणारी. ती आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा काढायची आणि वायरीशिवाय पीडीएला कळवायची. मग पीडीएच्या काचेवर एक बाण उमटायचा. तो बाण म्हणजे आपण. आपण हललो की बाण हलायचा. पहिल्यांदा तो हलताना पाहिला तेव्हा मी व्हॅनमध्ये एकटीच हसत बसले होते.

हे यंत्र आमच्या घरी यायचं कारण माझी नोकरी. मी नुकतीच बी.कॉम. होऊन घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीला जे जे ऐकावं लागतं ते ऐकून माझं डोकं कायम तापलेलं असायचं. अशात नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीला सुरतेचे रस्ते तपासायला माणसं हवी होती. गुजराती वाचता यावं, मराठी वस्त्यांमध्ये विचारपूस करता यावी आणि उन्हात फिरायची तयारी असावी, एवढीच अट. माझ्यात तिन्ही गुण होते. गाडी मात्र आपली आणायची होती. आबांची व्हॅन शाळेच्या मुलांची ने-आण करायची आणि सुट्टीत दारात नुसती उभी असायची. आबा म्हणाले, चल, मी येतो.

आबांची उमर सुरतेच्या लिंबायत भागात, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या खात्यात गेली. खान्देशातून आले ते सरळ लूमवरच उभे राहिले, आणि गुडघे साथ देईनात तेव्हा तिथून उतरले. मग आम्ही डिंडोलीला राहायला आलो आणि त्यांनी ही व्हॅन घेतली. आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा, माझ्याहून बरीच मोठी ताई आणि मी. माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या पाठीत धपाटे घालण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. ती लग्न होऊन सुरतेजवळच कडोदऱ्याला गेली तेव्हा मी इतकी रडले की पाहुणे म्हणाले, नवरी कोण आहे ते तरी कळू दे.

तर कामाची पद्धत अशी. मी पीडीएमध्ये एखादं ठिकाण टाकायचं, बाई रस्ता सांगायची, आणि चालकानं फक्त तिचं ऐकायचं. रस्ता आपल्याला पाठ असला तरी आपलं डोकं चालवायचं नाही. तिनं विहिरीत उडी मार म्हटलं तर कठड्यापर्यंत जायचं, थांबायचं, आणि मी खूण करून ठेवायची की इथे विहीर आहे. बाईची चूक कुठे होते ते शोधणं हेच तर आमचं काम होतं. कंपनीच्या साहेबांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं, आबांना हे जमायचं नाही. ज्या माणसानं भाजीत मीठ किती टाकावं यावरही कुणाचं ऐकलं नाही, तो यंत्राचं काय ऐकणार.

पण आबांनी मला तोंडघशी पाडलं. रोज सकाळी व्हॅन पुसून झाली की ते डॅशबोर्डवरच्या सप्तशृंगीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायचे आणि तोच हात त्या काळ्या डबीवरूनही फिरवायचे. डबी आणि पीडीए यांची रोज नव्यानं जोडणी करावी लागे. कधी ती पटकन व्हायची, कधी दोघं एकमेकांना ओळखच दाखवायचे नाहीत. मी काडीनं टोचत बसले की आबा खिडकीतून डोकावून विचारायचे, आज सोयरीक जुळली का. जुळली म्हटलं की बसायचे, काचा खाली करायचे, आणि बाईच्या पहिल्या शब्दाची वाट बघायचे. बाई इंग्रजीत बोलायची. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण लेफ्ट, राइट आणि स्ट्रेट एवढ्यावर सुरतेत कुणाचंही भागतं. बाकी तिच्या आवाजावरून ते समजून घ्यायचे. आपण चुकीचं वळलो की ती नवा मार्ग शोधतेय असं सांगायची, तेव्हा आबा स्टिअरिंगवरचा हात उचलून म्हणायचे, चिडली बाई.

तिनं आम्हाला काय काय दाखवलं. एकदा पर्वत पाटियाच्या पुढे तिनं आम्हाला सरळ कालव्यावर नेलं. तिच्या नकाशात तिथे पूल होता, प्रत्यक्षात दोन म्हशी होत्या. आबांनी काठावर व्हॅन थांबवली आणि हात जोडून शांत बसले. गोडादऱ्याला एका गल्लीत शिरलो तर मध्येच लग्नाचा मांडव. आबा मागे फिरायला तयार नाहीत, कारण बाई स्ट्रेट म्हणाली होती. शेवटी मांडवातली माणसं बाहेर आली, मी त्यांना समजावलं, आणि त्यांनी आम्हाला बुंदीचे द्रोण देऊन परत पाठवलं. ऊन तर असं की पीडीए तव्यासारखा तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. मी ओला रुमाल धरून त्याला वारा घालत बसायचे. आबा म्हणायचे, मला ताप आला तेव्हा एवढं केलं नाहीस.

पाहायला हे सगळं गमतीचं होतं. पण आबा आतून खचलेले होते, आणि ते मला दिसत होतं. कारण ताई माहेरी यायची बंद झाली होती.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकीनं माहेरी यायचंच असतं. दिवाळी चुकली तर चुकली, आखाजी चुकत नाही. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आमरस असतो, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आणि लेकीनं आपण होऊन उठून यायचं नसतं. तिला आणायला माहेरहून माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी शक्यतो भाऊ असतो. आम्हाला भाऊ नाही, म्हणून आबाच जायचे. खान्देशात त्यांचे वडील बैलगाडीनं मुराळी जात, आबा कडोदऱ्याला रिक्षानं आणि व्हॅन घेतल्यावर व्हॅननं जायचे. अंतर केवढंसं, पण आबा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी ठेवून, रुबाबात निघायचे.

मात्र तिथे पोचले की ते ताईच्या घरात पाय ठेवायचे नाहीत. दारापुढच्या ओट्याजवळ उभे राहायचे. ताई पाणी घेऊन यायची, ते हात जोडायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बापानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. एकदा लेक दिली ती दिली, आता तिच्या घरचं काही घेतलं तर देण्याला कमीपणा येतो. लेकीला मूल झालं की मात्र गोष्ट बदलते. मग ते घर नातवाचं, आणि बाप तिथे नातवाचा पाहुणा म्हणून हक्कानं जेवतो. आबांनी मला हे मी लहान असताना इतक्या प्रेमानं सांगितलं होतं की मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. मला स्वतःला असलं काही बंधन नव्हतं. मी ताईकडे गेले की चांगली हादडून यायचे.

ताईला मूल झालं नाही. वर्षं जात राहिली. भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, कधी शब्द काढला नाही. ते कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये कामाला, सरळ माणूस, घरी आले की टीव्ही आणि झोप. सासू-सासरे गावी शेतावर. म्हणजे घरात छळ वगैरे काही नव्हता. आबा दरवर्षी जायचे, हात जोडायचे, ताईला घेऊन यायचे.

पण गेल्या दिवाळीला ताई आली नाही. शिवणाचं काम आलंय म्हणाली. संक्रांतीला नाही. आणि आता आखाजी तोंडावर आलेली असताना तिचा फोन आला की यंदा मुराळी पाठवू नका, जमायचं नाही. फोन मीच घेतला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाली, उन्हाचं कुठे यायचं. डिंडोली ते कडोदरा, जसं काही वाळवंट ओलांडायचं होतं. मी चिडले, वाट्टेल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, जेवलीस का, आणि फोन ठेवला.

आबांचं गणित ठरलेलं होतं. सासरचे पाठवत नाहीत. गावाकडून सासऱ्यानं काहीतरी कळवलं असणार, मानपानात आपलंच काही चुकलं असणार. मी म्हटलं, मग जाऊन विचारा. ते म्हणाले, बोलावल्याशिवाय बाप लेकीच्या दारात जात नाही, आणि मुराळी नको म्हटल्यावर तर मुळीच नाही. माझं डोकं फिरलं. असला कसला मान, की लेक दिसेना तरी चालेल पण पाऊल वाकडं पडायला नको. मी बरंच बोलले. आबांनी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून झोक्याचा दोर काढला, उन्हात टाकला, आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळून परत वर ठेवला. मला ते पाहवलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आबा माझं ऐकत नाहीत, जगाचं ऐकत नाहीत, पण बाईचं ऐकतात.

आमच्या हद्दीत कडोदऱ्याचा काही भाग होता. तपासायची ठिकाणं निवडणं माझ्याच हातात होतं. ताईच्या वस्तीच्या मागे एक पाण्याची टाकी आहे. मी तीच टाकली. टाकीपर्यंत जायचं तर ताईच्या गल्लीच्या तोंडावरून जावं लागतं. आबा रीत मोडणार नाहीत हे मला माहीत होतं. पण निदान लेक ओट्यावर दिसेल, ती पळत येईल, दोघांचं चार शब्द बोलणं होईल, एवढीच माझी आशा होती. सकाळी सोयरीक जुळवताना मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की आज कडोदरा, पाण्याची टाकी.  आबा म्हणाले, थांब जरा, आणि घरात गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा घालून. मी उशीर झाला म्हणून त्यांच्यावर ओरडले. जुना मळला होता, एवढंच ते म्हणाले.

 एरवी रस्ताभर आबा बाईशी गप्पा मारायचे. ती राइट म्हणाली की हो बाई, लेफ्ट म्हणाली की बरं बाई. त्या दिवशी नुसतंच वळत होते. कापडाचे तागे भरलेले टेम्पो, ट्रक, मिलच्या चिमण्या, सगळं मागे पडत होतं, आणि काचेवरचा बाण कडोदऱ्याकडे सरकत होता. मी मनात सगळ्या देवांना हात जोडून घेतले. कडोदऱ्याच्या चौकातून बाईनं बरोबर नेलं. पुढे एक तिठा लागतो. टाकी, ताईची वस्ती, सगळं डाव्या हाताला. उजव्या हाताचा रस्ता मिलच्या भिंतीभिंतीनं फिरून परत हायवेला लागतो.

तिठ्याच्या अलीकडे बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, टर्न राइट.

 तिच्या नकाशात डावीकडचा रस्ता नव्हताच. टाकीला ती मिलच्या मागून न्यायला निघाली होती, आणि तिथून टाकीपर्यंत वाटच नाही. मी घातलेला सगळा घाट पाण्यात गेला होता. आबा आता उजवीकडे वळणार. आपलं डोकं चालवायचं नाही, हा नियम मीच त्यांना घोकून घेतलेला. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं.

आबांनी व्हॅन हळू केली. बाई पुन्हा म्हणाली, टर्न राइट. आबांनी समोर पाहिलं, कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीनं टिपला, आणि व्हॅन डावीकडे वळवली.

म्हशींसमोर हात जोडून बसलेला, मांडवाच्या खांबापुढे अडून राहिलेला माणूस. त्यानं बाईचं म्हणणं पहिल्यांदाच मोडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. बाई नवा मार्ग शोधू लागली, मग जमेल तिथे मागे वळा म्हणून सांगू लागली, परत परत, न थकता. आबा चिडली बाई असं म्हणाले नाहीत. मी हळूच पीडीएचा आवाज बंद केला.

ताईच्या गल्लीत सगळी घरं आपल्याच, खान्देशी लोकांची. बायका दारादारांत बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होत्या. ताईही तिच्या ओट्यावर लेस कापत बसली होती. व्हॅन ओळखून ती उठली, मांडीवरची लेस खाली पडली. आबांनी व्हॅन थांबवली, पण उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, खिडकीतून, जरा गुन्हेगारासारखे, आमच्या अहिराणीत म्हणाले, "ती बाई माले आठे लई उनी."

आबांना इथे घेऊन आलेली ही बाई कोण, ते ताई वाकून व्हॅनच्या मागच्या सीटवर बघायला लागली. मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं आणि यंत्र काय आहे ते सांगितलं. बाई खरं काय म्हणाली होती, ते मी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही. आबांना लेकीच्या दारात यायला निमित्त हवं होतं. ते त्यांनी शोधून काढलं होतं, त्यात मी कशाला नाक खुपसू.

मग आबा उतरले. नेहमीच्या जागी, ओट्याच्या पायरीपाशी उभे राहिले. बरी आहेस ना, हो, जावई कुठे, ड्युटीवर, असं बोलणं झालं. ताई फार वाळली होती. आबांनी घसा खाकरला आणि विचारलं की गावाकडून कुणी काही बोललं का, आमच्याकडून काही राहिलं का. ताईनं मान हलवली. कुणी काही बोललं नव्हतं. मग ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली.

आबांनी हात जोडले.

इतकी वर्षं त्यांनी हात जोडले की ताई तांब्या घेऊन आत जायची. त्या दिवशी ती गेली नाही. तांब्या पुढे धरून तशीच उभी राहिली. शेजारच्या ओट्यावरची बाई टिकली चिकटवायची थांबली. ताई खालच्या आवाजात बोलली, पण गल्ली इतकी गप्प झाली होती की प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आबा, तुम्ही मन्हा घरनं पानी पेतस नही ना, तवय आख्खी गल्ली मन्हा पोटकडे देखस."

 मी किती वेळा तिथे आले, जेवले, झोपले, भांडले. मला हे कधी दिसलं नव्हतं. आपल्या लोकांच्या गल्लीत प्रत्येकाला ती रीत ठाऊक. बाप दारात आला, लेकीनं पाणी आणलं, बापानं हात जोडले, म्हणजे अजून काही नाही. ज्यांना आठवण नसेल त्यांनाही त्या हात जोडण्यानं आठवण व्हायची. नंतर ताईनं मला सांगितलं, आबा येऊन गेले की चार दिवस कुणी ना कुणी दार वाजवायचं. कुणी अंगारा आणायचं, कुणी डॉक्टरचं नाव सांगायचं, कुणी नुसतंच विचारायचं, बाप अजून उभ्या उभ्याच का गं. गेल्या आखाजीला समोरची एक बाई हसली होती. त्या दिवशी ताईनं ठरवलं, मुराळीच नको आणि माहेरही नको.

आणि आबांना हे खरंच माहीत नव्हतं, हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. त्यांच्या मनात ते हात जोडणं म्हणजे लेकीचा मान होता. रिक्षानं यायचे तेव्हा भर उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना त्यांनी ते पाणी नाकारलं, आणि चौकात जाऊन नळाला तोंड लावलं. आपण लेकीसाठी काहीतरी सोसतो, असं त्यांना वाटायचं. मला त्या क्षणी दोघांचीही इतकी दया आली की कुणावर रागवावं तेच कळेना, आणि माझ्यासारखीला रागावता न येणं म्हणजे फार झालं.

आबांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे होते. मग ते वेगळे केले. पेल्याला त्यांनी हात लावला नाही. अख्खा तांब्याच घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार धरली. घटाघटा पीत राहिले. पाणी हनुवटीवरून इस्त्रीच्या सदऱ्यावर ओघळत होतं. तांब्या रिकामा झाला तरी त्यांनी तो लगेच खाली केला नाही. ताईनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. मी व्हॅनच्या दाराला धरून उभी होते आणि माझे डोळे वाहत होते, ते मी पुसलेही नाहीत.

आबांनी तोंड पुसलं. आखाजीला येशील ना, असं त्यांनी हळू विचारलं. ताईनं रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला, एकदा गल्लीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.  गल्लीत टिकल्यांची कामं अजून थांबलेलीच होती. आबांनी एकदा त्या टोकापासून या टोकापर्यंत पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या, ओट्याची पायरी चढले, आणि लूम चालू असताना माणसं बोलतात तशा आवाजात, गल्लीच्या पार शेवटच्या दारात ऐकू जाईल असं विचारलं,

"भाकर शे का घरमा? भूक लागनी माले."

"कालनी शे," ताई म्हणाली.

"चाली."

ती आतमध्ये बसा म्हणाली, पंखा आहे म्हणाली. आबा आत गेले नाहीत. तिथेच उन्हात, ओट्यावर, गल्लीकडे तोंड करून मांडी घालून बसले. ताईनं शिळी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा आणून पुढे ठेवला. आबा एकेक घास सावकाश चावून खाऊ लागले. आणि ताई त्यांच्या शेजारी बसली, तोंडावरून पदर न ओढता, समोरच्या सगळ्या दारांकडे सरळ बघत.